हिरवा रंग दिला म्हणून रायफलमन होत नाही: ९५व्या रायफल्सच्या ५४ मिमी संचाचं परीक्षण

उद्यमबागेतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर छापलेला हा बारा सैनिकांचा संच सध्या बेळगावपासून खानापूर, निपाणी, चिकोडीपर्यंतच्या हौशी मंडळींच्या टेबलावर दिसतोय. नेपोलियनच्या काळातली ब्रिटिशांची ९५वी रायफल्स, ५४ मिमी म्हणजे साधारण १/३२ प्रमाण, रंग न दिलेले सुटे भाग, किंमत ३,८०० रुपये. निकाल आधीच सांगून टाकू. चेहरे आणि कपडे झकास, बंदुका चुकीच्या, आणि बारातला एक गडी भलत्याच पलटणीतून आलेला. तरीही घ्यावा का? घ्यावा, पण शेवटी लिहिलेल्या चार गोष्टी ऑर्डर देतानाच सांगून.

खोका कुंद्याच्या एक किलोच्या डब्याएवढा. आत एक अधिकारी, एक सार्जंट, एक बिगुलवाला, आठ रायफलवाले आणि एक झेंडेवाला. प्रत्येकाचे चार ते सहा भाग: धड, डोकं, बंदुकीसकट हात, पाठपिशवी, काहींना म्यान वेगळं. भाग नीट जुळतात, मानेच्या खाचेत तर फटही राहत नाही. पॅकिंग मात्र साधं बबल रॅप. बसच्या पार्सलनं मागवलं तर बंदुकांच्या दोनतीन नळ्या मोडूनच हातात येतात.

उद्यमबागेत व्हर्नियर नाही असं टेबल सापडायचं नाही, तेव्हा सुरुवात मापापासूनच. ९५व्या रायफल्सची ओळख म्हणजे बेकर रायफल. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातला बंदूककार इझिकिएल बेकर यानं ती घडवली आणि १८०० साली वूलिचच्या चाचणीत ती पसंत झाली. नळी ३० इंच, संपूर्ण लांबी पावणेसेहेचाळीस इंचांच्या आसपास. १/३२ मध्ये याचे होतात अख्ख्या बंदुकीचे ३६.३ मिमी आणि नळीचे २३.८ मिमी. संचातल्या आठही रायफलवाल्यांच्या बंदुका भरतात ४३ ते ४४ मिमी. हे माप साध्या पायदळाच्या इंडिया पॅटर्न मस्केटचं आहे, जिची नळी ३९ इंच असते. थोडक्यात, शिल्पकारानं मस्केटच घेतली, तिला हिरव्या कोटातल्या माणसाच्या हातात दिलं आणि विषय संपवला.

सात मिलिमीटरसाठी एवढा आरडाओरडा कशाला, असं वाटेल. पण ही पलटण उभीच राहिली त्या सात मिलिमीटरवर. मस्केटची नळी आतून गुळगुळीत, गोळी सैल, म्हणून दारू आणि गोळी ओतून गजानं दोन दणके दिले की झालं. मिनिटाला तीन बार निघतात, पण शंभर यार्डांपुढं नेम म्हणजे नशीब. बेकरच्या नळीत सात खाचा असतात आणि तीस इंचांत त्या पाव वेढा घेतात. गोळी तेलकट कातड्याच्या किंवा कापडाच्या चकतीत गुंडाळून आत ठासायची, म्हणजे ती खाचा धरते आणि फिरत बाहेर पडते. ठासायला वेळ लागतो, मिनिटाला दोनच बार. पण दोनशे यार्डांवरचा माणूस टिपता येतो. सुरुवातीला गोळी आत ढकलायला लाकडी हातोड्या दिल्या होत्या, त्या पुढं बंद झाल्या. नळी आखूड असल्यानं गुडघ्यावर बसून किंवा आडवं पडूनही ठासता येतं, झाडीतून, खडकातून वावरता येतं. लांब नळीचा रायफलवाला आडवा पडून ठासताना दाखवला, की ज्याला थोडंफार कळतं तो हसतो. या संचात नेमका तसा एक आहे.

दुरुस्ती घरी होते. तोंडाकडून सात मिमी कापायचे, पण कटरनं नाही. रेझिन कटरच्या दाबानं लांबीत चिरतं आणि चीर थेट मुठीपर्यंत जाते. हॅक्सॉचं सर्वांत बारीक दातांचं पातं घ्या, नळीखाली आइस्क्रीमची काडी टेकू द्या आणि पातं फक्त मागं ओढतानाच दाब द्या. तोंड ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर सपाट करा. मग पिन व्हाइसमध्ये (हातानं फिरवायची ड्रिलची मूठ) ०.५ मिमीचं ड्रिल लावून तोंडाला भोक पाडा. बेकरचं बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास, ०.६२५ इंच, म्हणजे १/३२ मध्ये बरोबर अर्धा मिलिमीटर, तेव्हा इथं अंदाज चालवायचं कारण नाही. बोअर थोडं जरी मोठं पाडलं तरी डोळ्याला पुन्हा मस्केटच दिसते. दस्त्याच्या उजव्या बाजूला पितळी झाकणाची छोटी पेटी असते, तिच्यात चकत्या आणि हत्यारं राहतात. संचात ती नाहीच. पातळ प्लास्टिक कार्डचा आयताकृती तुकडा चिकटवून तिथं पितळी रंग द्या. ठासणाऱ्या दोन गड्यांची नळी कापली, की गज धरलेला हात अधांतरी दिसतो. तिथला छापलेला गज काढून ०.४ मिमीची तार हातातून थेट नळीत घाला. गज अजून अर्धाच आत गेलाय, असं दिसतं आणि पोज उलट जिवंत होते.

बंदूक आखूड केली की संगीन आठवायला हवी. साध्या पायदळाची संगीन म्हणजे नळीवर चढवायची तीनधारी खिळ्यासारखी. रायफलवाल्याची म्हणजे पितळी मुठीची, चपट्या पात्याची छोटी तलवारच. आखूड रायफलला पोच मिळावी म्हणून पातं दोन फुटांच्या जवळपास. म्हणूनच या पलटणीत ‘फिक्स बेयोनेट’ नव्हे, तर ‘फिक्स स्वोर्ड्स’ असा हुकूम असायचा आणि रायफलच्या परंपरेतल्या पलटणी आजही तो शब्द सोडत नाहीत. संचातली म्यानं १३-१४ मिमीची आहेत, ती १८-१९ हवीत. खडे बाजारात हार्डवेअरच्या दुकानातून १ मिमीची पितळी तार आणा, ऐरणीवर ठोकून चपटी करा, १८ मिमीवर तोडा, वर चार मिमीची मूठ ठेवा आणि ०.४ मिमीच्या तारेची इंग्रजी डी-सारखी कमान लावा. डाव्या कमरेला लटकवा. म्यान काळं.

आता झेंडेवाला. रायफल पलटणीला झेंडा नसायचाच. विखरून, दोघादोघांच्या जोडीनं, झाडामागून आणि बांधामागून लढणाऱ्यांनी कुठल्या झेंड्याभोवती जमायचं? साध्या पायदळात झेंडा धरायचं काम एन्साइनचं, म्हणजे सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्याचं. ९५व्यात एन्साइन हे पदच नव्हतं, त्या जागी सेकंड लेफ्टनंट असायचा. मग हा गडी आला कुठून? त्याचे खांदे बघा. भिंगाखाली दोन्ही खांद्यांवर पंखासारखी झालर स्पष्ट दिसते. ती लाइट इन्फंट्री, म्हणजे हलक्या पायदळाच्या पलटणीच्या अधिकाऱ्याची खूण. म्हणजे शिल्पकाराच्या कॉम्प्युटरवर ४३वी किंवा ५२वी लाइट इन्फंट्री आधीपासून होती, त्यातला एक उचलून इथं टाकला. बंदुका लांब का निघाल्या, तेही इथंच उमगतं.

तरी त्याला कचऱ्यात टाकू नका. ४३वी, ५२वी आणि ९५वी इंग्लंडातल्या शॉर्नक्लिफच्या छावणीत जनरल सर जॉन मूरच्या हाताखाली एकत्र घडल्या आणि १८१० पासून जनरल क्रॉफर्डच्या लाइट डिव्हिजनमध्ये खांद्याला खांदा लावून लढल्या, पोर्तुगीजांचं हलकं पायदळ कसादोरेसही सोबतीला. फरक इतकाच, की पहिल्या दोघी लाल कोट आणि मस्केटवाल्या. झेंडेवाल्याला लाल कोट, फिकट पिवळसर कॉलर आणि बाह्यांची टोकं, हाती त्याच पिवळसर रंगाचा पलटणीचा झेंडा द्या, की तो ५२वीचा अस्सल माणूस होतो. आपल्याकडच्या वाचकाला एक जास्तीची गंमत: हीच ५२वी टिपूविरुद्धच्या तिसऱ्या म्हैसूर युद्धात इथं कर्नाटकात होती, १७९१ ला बंगळूर आणि १७९२ ला श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात.

सार्जंट मात्र बरोबर उतरलाय. साध्या पायदळाच्या सार्जंटकडं लांब भाला असायचा, इथल्याकडं बंदूक आहे (तीही लांबच, पण भाल्यापेक्षा बरी). कमरेला गडद लाल पट्टा, त्यात मधोमध काळी रेघ काढायला विसरू नका. ड्रमवाला नाही, बिगुलवाला आहे, हेही ठीक. विखुरलेल्या माणसांपर्यंत बिगूल आणि शिटीच पोचते. बेळगावच्या कॅम्पात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. मराठा लाइट इन्फंट्रीच्या चिन्हातलं बिगूल त्याच्या रोजच्या नजरेतलं असतं आणि ते याच लाइट इन्फंट्रीच्या घराण्यातून आलेलं आहे. संचातल्या टोप्यांवरचं बिगूल तर इतकं बारीक छापलंय की दोऱ्यांचे गोंडेही मोजता येतात. अधिकाऱ्याच्या छातीवरच्या काळ्या गोफाच्या ओळी, पट्ट्याला साखळीनं लटकलेली शिटी, वक्र तलवार, सगळं जागच्या जागी. बाराही सैनिकांत हा सर्वांत सरस.

सोबत आठ पानांची मराठी माहितीपत्रिका मिळते. भाषा चांगली, पण चार चुका ढोबळ आहेत. पलटण १८०३ साली निघाली असं तिथं लिहिलंय. निघाली १८०० मध्ये, कर्नल कूट मॅनिंगहॅम आणि लेफ्टनंट कर्नल विल्यम स्टुअर्ट यांच्या हाताखाली, प्रायोगिक रायफल दल म्हणून. पहिली चकमक २५ ऑगस्ट १८०० ला स्पेनच्या फेरोल किनाऱ्यावर. ९५ हा क्रमांक मागाहून, १८०२-०३ च्या सुमारास मिळाला. (ज्या वेलिंग्टनच्या हाताखाली ही पलटण पुढं गाजली, तो आर्थर वेलस्ली १८०० च्या त्याच पावसाळ्यात आपल्या मुलखात धोंडजी वाघाच्या मागावर होता. ३० जुलैला मलप्रभेकाठी मुनवळ्ळीजवळ त्यानं धोंडजीचा तळ उधळला आणि १० सप्टेंबरला कोनगलला धोंडजी पडला. बेळगावात छापलेल्या पत्रिकेत ही ओळ नसावी, याचं नवल वाटतं.) दुसरी चूक, ९५वी मूरनं उभी केली हे विधान. मूरनं शॉर्नक्लिफला तिला घडवलं हे खरं, पण ती आधीच होती.

तिसरी चूक ९५व्याचा नेमबाज टॉम प्लंकेट याच्याबद्दलची. ३ जानेवारी १८०९ ला स्पेनमधल्या कोरुन्याच्या माघारीत काकाबेलोसला त्यानं फ्रेंच जनरल कोल्बेरला गोळी घालून पाडलं. पत्रिकेत अंतर सहाशे यार्ड ठोकून दिलंय. त्या गोळीचं अंतर सांगणाऱ्यागणिक बदलत आलंय, त्यामुळं आकडा टाळणंच शहाणपणाचं. प्लंकेट पाठीवर पडून, पायाला बंदुकीचा पट्टा अडकवून नेम धरत होता ही गोष्ट परंपरेनं चालत आलीय आणि संचात त्या पोजचा एक सैनिक आहे. रायफल कापल्यावर तो सगळ्यांत छान दिसतो, कारण पायाच्या बोटांपुढं नळी जेमतेम निघते, जशी निघायला हवी तशी.

चौथी चूक वॉटर्लूची. १८ जून १८१५ ला रायफल्स ‘ला हे सेंत’ या शेतवाड्यात होत्या असं पत्रिका म्हणते. वाडा राखला ब्रिटिश फौजेतल्या किंग्ज जर्मन लीजनच्या दुसऱ्या लाइट बटालियननं, मेजर बेअरिंगच्या हाताखाली. ९५व्याच्या पहिल्या बटालियनच्या कंपन्या रस्त्यापलीकडच्या वाळूच्या खाणीत होत्या. गोंधळ होण्याचं कारणही साधं आहे: त्या जर्मनांचेही कोट हिरवे आणि हातात बेकरच. १८१६ मध्ये पलटणीला क्रमांकाच्या रांगेतून काढून ‘रायफल ब्रिगेड’ केलं, हे शेवटचं पान मात्र बिनचूक.

रेझिनबद्दल. वर्कशॉपमधून येणारे भाग नीट धुतलेले नसतात, हाताला चिकट लागतात. तसाच रंग दिला तर पंधरा दिवसांत तो साल निघाल्यासारखा सुटतो. मेडिकलमध्ये ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मागा. सत्तर टक्क्यांचं किंवा हँडरब घेऊ नका, त्यातल्या पाण्यानं आणि ग्लिसरिननं वर दुधाळ थर बसतो. डब्यात पाच मिनिटं हलवा, मऊ ब्रशनं खोबण्या घासा, अर्धा तास पंख्याखाली वाळवा. मग दहा मिनिटं उन्हात. जास्त नको, कारण रेझिन जास्त पकलं की ठिसूळ होतं आणि बारीक बोटं, गज पटापट तुटतात. पावसाळ्यात ऊन नसेल तर नेलपॉलिशचा यूव्ही दिवा चालतो, चारही बाजूंनी फिरवत.

याहून वाईट दोष धडाच्या आत आहे. रेझिन वाचवायला धडं पोकळ छापली आहेत, पण निचऱ्याचं भोक नाही. आत अडकलेलं कच्चं रेझिन पुढं उन्हाळ्यात फुगतं, पाठीत केसासारखी चीर पडते आणि रंगवलेल्या कोटातून चिकट थेंब पाझरतो. बाराही धडांना पाठपिशवीखाली झाकेल असं २ मिमीचं भोक पाडा, सिरिंजनं अल्कोहोल मारून आत धुवा, दिव्याचा उजेड भोकातून आत जाऊ द्या आणि मगच पिशवी चिकटवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळायचं नाही. वाकलेली नळी असेल तर साठ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, सपाट काचेवर दाबा आणि लगेच गार पाण्यात टाका. चिकटवायला फेव्हिक्विकसारखा डिंक, पण थेंब काडीवर घेऊन. बाटलीतून सरळ टाकला की वाफेनं शेजारच्या भागावर पांढरी भुकटी बसते.

स्प्रे प्रायमर (रंगाआधीचं अस्तर) बेळगावात जून ते सप्टेंबर जपूनच, आणि खानापूरकडं तर विसराच. हवेत ओल असली की कोटाच्या चुण्यांत वाळूसारखा खरखरीत थर बसतो. पावसाळ्यात ब्रशनं लावायचा पाण्यातला प्रायमर, दोन पातळ हात, मधे दोन तास.

रंगात सगळ्यांत मोठी चूक चमकदार हिरवा. हा हिरवा काळ्याकडं झुकणारा, नवा कोट सावलीत काळाच दिसावा असा. काळा तीन भाग, सॅप ग्रीन दोन भाग, प्रशियन ब्लू एक थेंब. उजळ कडांसाठी पांढरा मिसळू नका, खडूसारखं दिसतं. त्याच मिश्रणात थोडा यलो ऑकर घाला. कॉलर, मनगटाचे पट्टे आणि खांद्याच्या पट्ट्या काळ्या, त्यांना पांढरी बारीक किनार. ही किनार सरळ काढायला गेलं की जाडच होते. आधी पांढरी रेघ बिनधास्त जाड ओढा, वाळू द्या आणि मग एका बाजूनं काळा, दुसऱ्या बाजूनं हिरवा आत ढकलत ती केसाएवढी उरवा. छातीवर बटणांच्या तीन रांगा, चांदीसारख्या, पितळी नाहीत. आणि पट्टे! छातीवरचे, कमरेचे, सगळे काळ्या कातड्याचे. लाल कोटवाल्यांच्या पांढऱ्या पट्ट्यांची सवय हाताला असते आणि खोक्यावरच्या रंगीत चित्रातही ते पांढरे रंगवलेत. तिकडं बघू नका. दारूच्या शिंगाची दोरी हिरवी, पाण्याचं लाकडी भांडं फिकट निळं, टोपीचा तुरा हिरवा. विजारी सगळ्यांच्या एकसारख्या हिरव्या ठेवू नका, मोहिमेवर करड्या, तपकिरी, ठिगळं लावलेल्या असायच्या. चार जणांना तशा दिल्या की संच परेडवरून उतरून स्पेनच्या धुळीत येतो.

बेस लावताना एका रांगेत उभे करू नका. रायफलवाले जोडीनं काम करायचे: एकाचा बार झाला की तो ठासतो, तोवर दुसऱ्याची भरलेली रायफल तयार. दोन्ही एकदम रिकाम्या ठेवायच्या नाहीत. संचात ठासणारे दोनच आणि नेम धरणारे सहा, त्यामुळं जोड्या जुळत नाहीत. नेम धरणाऱ्यांपैकी एकाचा उजवा हात कापून कमरेच्या गोळ्यांच्या पिशवीकडं वळवला तर तिसरी जोडी होते. सार्जंटला मागच्या बाजूला शिटीच्या पोजमध्ये ठेवा.

ऑर्डर देताना वर्कशॉपला एवढं सांगा: बंदुका ३६ मिमी करून छापा, झेंडेवाल्याऐवजी तिसरा ठासणारा द्या, धडाला पाठीत भोक ठेवा, आणि भाग दोनदा धुऊन पाठवा. पहिलं जमत नसेल, तर बंदुका वेगळ्या छापून हातांपासून सुट्या मागा. कापणं एकदम सोपं होतं आणि मोडलेली नळी तेवढीच बदलता येते.